वर्गमूळ काढताना दुप्पट का करायची?

महाराष्ट्रात जमिनीचा विषय निघाला की गुंठा येतोच. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. आकडा जरा विचित्र वाटतो. सरळ हजार नाही, अकराशेही नाही, १०८९च का? कारण जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची होती. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद चौरस आखला, की ३३ × ३३ = १०८९. असे चाळीस गुंठे मिळून एकर होतो, म्हणून एकर ४३,५६० चौरस फुटांचा.

३३ वरून १०८९ काढला की झाला वर्ग. जमीन १०८९ चौरस फूट आहे आणि ती चौरस आहे, तर तिची बाजू किती, हा उलटा प्रश्न म्हणजे वर्गमूळ. इथवर मुलांची गाडी अडत नाही. अडते ती रीतीपाशी. भागाकारासारखी मांडणी करायची, उजवीकडून अंकांच्या जोड्या पाडायच्या, वर आलेल्या उत्तराची दुप्पट डावीकडे लिहायची आणि तिच्यापुढे एका अंकाची जागा ठेवायची. उत्तर बरोबर येतं. पण जोड्याच का, दुप्पट कशासाठी, असं विचारलं की ‘रीतच तशी आहे’ म्हणून सांगितलं जातं. खरं तर या रीतीतली एकेक पायरी जमिनीवर आखून दाखवता येते.

आधी अंदाज

पेन्सिल हातात घेण्याआधी उत्तर कुठे असेल ते हेरावं. ३० चा वर्ग ९००, ४० चा १६००. म्हणजे १०८९ ची बाजू तीस ते चाळीसच्या मध्ये. शेवटचा अंक ९ आहे. वर्गाच्या शेवटी ९ येतो तो ३ किंवा ७ यांच्यामुळेच. म्हणून पूर्ण वर्ग असेल तर उत्तर ३३ किंवा ३७. ३५ चा वर्ग १२२५, तो १०८९ पेक्षा मोठा. तेव्हा ३७ बाद. उरले ३३. याच विचाराने पुढे गेलात तर आणखी एक गोष्ट हाती लागते: २, ३, ७ किंवा ८ ने संपणारी संख्या पूर्ण वर्ग असूच शकत नाही.

जोड्या कशासाठी?

चौरसाची बाजू दहापट केली की क्षेत्रफळ शंभरपट होतं. बाजूत एक शून्य वाढलं की क्षेत्रफळात दोन वाढतात. म्हणून वर्गमूळातल्या प्रत्येक अंकामागे मूळ संख्येत दोन घरं राखून ठेवावी लागतात. १०८९ च्या जोड्या १० आणि ८९. जोड्या दोन, म्हणजे उत्तर दोन अंकी. दशांश चिन्हानंतर दोन-दोन शून्यं उतरवतात, त्याचंही कारण हेच.

दोन पट्ट्या आणि एक कोपरा

पहिली जोडी १०. तिच्यात मावणारा सर्वांत मोठा वर्ग ९, म्हणून वर ३ लिहितो. हा ३ दशकाच्या घरातला आहे, म्हणजे ३० फूट बाजूचा चौरस आखून झाला. त्याने ९०० चौरस फूट व्यापले, उरले १८९.

आता ही उरलेली जमीन लावून चौरस वाढवायचा, पण त्याचा चौरसपणा मोडायचा नाही. एकाच बाजूला पट्टी जोडली तर आयत होईल. म्हणून लगतच्या दोन बाजूंना एकेक पट्टी जोडायची. प्रत्येक पट्टी ३० फूट लांब, दोन्ही मिळून ६०. दुप्पट आली ती इथून. पण दोन पट्ट्यांच्या मधला कोपरा मोकळा राहतो. तो भरायला एक लहानसा चौरस लागतो आणि त्याची बाजू पट्टीच्या रुंदीएवढीच असते. पट्टीची रुंदी ३ फूट धरू. दोन पट्ट्यांचे ६० × ३ = १८०, कोपऱ्याचे ३ × ३ = ९; एकूण १८९. जमीन बरोबर संपली.

वहीत आपण ६३ × ३ = १८९ असं लिहितो. त्यातले ६० म्हणजे दोन पट्ट्यांची लांबी आणि पुढे लिहिलेला ३ हा कोपऱ्यासाठी. सहाच्या पुढे जागा रिकामी ठेवतात ती या कोपऱ्याची.

आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास लिहिलेल्या ‘आर्यभटीया’त, गणितपादाच्या चौथ्या श्लोकात, हीच रीत आहे. एकआड एक घरांना तो वर्ग आणि अवर्ग म्हणतो. वर्ग घरातून वर्ग वजा करायचा आणि अवर्ग घराला मुळाच्या दुपटीने भागायचं.

उरतंच राहणारी बाकी

एकराचा चौरस आखायचा झाला तर? ४, ३५, ६० अशा जोड्या पाडून रीत चालवली की २०८ येतात आणि २९६ चौरस फूट उरतात. शून्यांच्या दोन जोड्या उतरवल्या की २०८.७१ फूट. बाकी तरीही उरतेच आणि पुढेही उरत राहते, कारण ४३,५६० हा पूर्ण वर्ग नाही.

यातलं सर्वांत साधं उदाहरण २ चं. त्याचं वर्गमूळ एखाद्या अपूर्णांकाने नेमकं का लिहिता येत नाही, हे मूळ अवयव पाडता येणाऱ्याला लगेच कळेल. समजा अंश आणि छेद सापडले, तर अंशाचा वर्ग छेदाच्या वर्गाच्या दुप्पट असला पाहिजे. कोणत्याही वर्गात २ हा अवयव सम वेळा येतो (किंवा येतच नाही). वर्गाची दुप्पट केली की तो विषम वेळा येतो. सम आणि विषम यांची बरोबरी कशी होणार?

नेमकं लिहिता येत नाही म्हणून यज्ञवेदी आखणाऱ्यांचं काम अडलं नाही. बौधायनाच्या शुल्बसूत्रात चौरसाच्या कर्णासाठी दिलेलं माप असं: बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवा आणि या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग कमी करा. पहिल्या तीन पदांची बेरीज १७/१२. तिचा वर्ग २ पेक्षा १/१४४ ने जास्त. हे जास्तीचं क्षेत्र दोन बाजूंनी पट्ट्या कापून काढायचं, तर १/१४४ ला १७/१२ च्या दुपटीने भागा. येतात १/४०८. आणि ३ × ४ × ३४ म्हणजे ४०८च! चौतीस ही सतराची दुप्पट. हिशेब ५७७/४०८ वर येतो, म्हणजे सुमारे १.४१४२१६. खरी किंमत १.४१४२१४ च्या जवळपास.

झेरॉक्सच्या दुकानात

याच संख्येवर ए-फोर कागद बेतलेला आहे: २१० आणि २९७ मिलिमीटर. लांबी रुंदीच्या √२ पट असेल तरच कागद मधोमध कापल्यावर अर्ध्या तुकड्याचा आकार पहिल्यासारखा राहतो. ए-थ्रीवरून ए-फोरवर आणताना यंत्रावर ७१ टक्के आणि उलट करताना १४१ टक्के दिसतं, ते यामुळे. घरी पडताळून पाहता येईल. कागदाची आखूड कड लांब कडेवर बसेल अशी तिरकी घडी घाला. घडीची रेघ मोजा. ती लांब कडेएवढीच भरेल.

मुलांसाठी एक काम

कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून १० चं वर्गमूळ काढा. जवळचा वर्ग ९, मूळ ३, उरला १. त्याला तीनच्या दुपटीने भागा: १/६. उत्तर साधारण ३.१६७. खरं उत्तर ३.१६२. २०० साठी १४ पासून निघा: उरले ४, भागिले २८, म्हणजे १४.१४३; खरं १४.१४२. दोन्ही वेळा अंदाज किंचित जास्त आला. असं का व्हावं? पट्ट्या जोडताना आपण काय भरायचं विसरलो, ते चौरस काढून शोधा.