घरीं बांधलेल्या वेगवान मोटारींत डीझेल एंजिन

डीझेल एंजिन म्हटलें कीं महाराष्ट्रांतील माणसाच्या डोळ्यांपुढें शर्यतीची मोटार उभी राहात नाहीं. त्याला आठवतो तो विहिरीच्या कांठावरील पंपाचा एकसुरी आवाज, घाट चढतांना कण्हणारी मालमोटार आणि तिच्या मागें रेंगाळणारा काळा धूर. पुण्यास १९४६ सालीं स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्ससारख्या कारखान्यांनीं हें यंत्र शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोंचविलें, आणि कष्टाळू, काटकसरी पण मंद अशी त्याची ख्याति सर्वत्र झाली. असें असतां इंग्लंडांतील कांहीं हौशी मंडळी आपल्या घराच्या पडवींत स्वहस्तें बांधलेल्या, जमिनीलगत धांवणाऱ्या दोन आसनांच्या मोटारींत हेंच एंजिन बसवितात. हा निव्वळ विक्षिप्तपणा आहे, कीं त्यांत कांहीं हिशेब आहे?

प्रथम ही मोटार कशी असते तें पाहिलें पाहिजे. कॉलिन चॅपमन या इंग्रज यंत्रज्ञानें १९५७ सालीं ‘लोटस सेव्हन’ नांवाची एक अत्यंत साधी मोटार पुढें आणली. दारें नाहींत, छप्पर नांवापुरतें, लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर पातळ पत्रा. सुटे भाग घेऊन घरीं जोडणाऱ्यास त्या वेळचा खरेदी-कर द्यावा लागत नसे, म्हणून अनेकांनीं ती घरींच जोडली. १९७३ सालीं तिचे हक्क केटरहॅम या व्यापारी संस्थेकडे गेले. पुढें १९९६ सालीं रॉन चॅम्पियन यांचें एक पुस्तक प्रसिद्ध झालें. जुनी फोर्ड एस्कॉर्ट मोटार मोडींत घेऊन, चौकोनी नळ्या कापून व सांधून, अवघ्या अडीचशें पौंडांत अशाच धर्तीची मोटार कशी बांधावी, हें त्यांत सांगितलें होतें. तेव्हांपासून इंग्लंडांत आणि इंग्लंडाबाहेर अशा गाड्या बांधणारांची संख्या वाढत गेली. या मोटारीचें वजन अर्ध्या टनाच्या आसपास असतें. वेग तिला मिळतो तो प्रचंड शक्तीमुळें नव्हे, तर अल्प वजनामुळें. नेमक्या याच कारणानें वजनदार डीझेल एंजिन तिच्यांत घालणें हें वरवर पाहतां उलटें वाटतें.

पेट्रोलच्या एंजिनांत हवा व इंधन यांचें मिश्रण सिलिंडरमध्यें घेऊन तें सुमारें दहा पट दाबतात आणि ठिणगीनें पेटवितात. डीझेल एंजिनांत ठिणगी नसतेच. तेथें नुसती हवा वीस पटींच्या जवळपास दाबली जाते. पंपानें सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंप तापतो, हा अनुभव सर्वांनाच आहे. येथें तीच क्रिया इतक्या जोरानें घडते कीं हवा कित्येकशें अंशांपर्यंत तापते, आणि त्या तप्त हवेंत फवारलेलें तेल आपोआप पेट घेतें. रूडॉल्फ डीझेल या जर्मन संशोधकाचें पहिलें यशस्वी एंजिन ऑग्सबुर्ग येथें १८९७ सालीं तपासलें गेलें, तेव्हां तेलांतील उष्णतेपैकीं शेंकडा २६ भाग त्यानें कामांत उतरविला. त्या काळच्या वाफेच्या यंत्रांना हें प्रमाण स्वप्नवत् होतें. डीझेलची काटकसर ती हीच. परंतु एवढा दाब सोसण्यासाठीं त्याचे भाग जाड व जड करावे लागतात, आणि जड भाग फार भराभर फिरूं शकत नाहींत. पेट्रोलचें एंजिन मिनिटाला सहा-सात हजार फेरे सहज घेतें. मोटारीचें डीझेल साडेचार हजारांच्या आसपास थकतें.

ही उणीव भरून काढण्यास टर्बोचार्जर साह्यास आला. एंजिनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंत बरीच शक्ति वायां जात असते. त्या वायूंच्या झोतावर एक लहान पंख्याचें चाक फिरवावें, आणि त्याच आंसावर दुसरें चाक बसवून त्यानें ताजी हवा सिलिंडरांत कोंबावी, अशी ही युक्ति आहे. स्विस यंत्रज्ञ आल्फ्रेड ब्यूकी यांनीं तिचें पेटंट १९०५ सालीं घेतलें. मोटारींतील टर्बोचार्जर मुठींत मावेल एवढ्या चाकांचा असतो, पण तीं मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतात. हवा अधिक, म्हणून तेल अधिक जाळतां येतें, आणि त्याच आकाराच्या एंजिनांतून कितीतरी जास्त जोर निघतो.

डीझेल शर्यतींत धांवूं शकतें हें अमेरिकेनें फार पूर्वींच पाहिलें होतें. इंडियानापोलिसच्या पांचशें मैलांच्या शर्यतींत १९३१ सालीं कमिन्स कारखान्याची डीझेल मोटार एकदांही न थांबतां धांवली आणि तेरावी आली. १९५२ सालीं त्याच कारखान्यानें टर्बोचार्जर लावलेली नवी मोटार आणली. तिचें उंच एंजिन जवळजवळ आडवें निजवून बसविलें होतें, त्यामुळें गाडी अगदीं ठेंगणी झाली. चालक फ्रेड अगाबाशियन यांनीं ताशीं १३८ मैलांच्या सरासरीनें फेऱ्या मारून शर्यतीच्या आरंभीचें पहिलें स्थान मिळविलें आणि प्रेक्षक थक्क झाले. परंतु प्रत्यक्ष शर्यतींत ७१ फेऱ्यांनंतर ती थांबली. रस्त्यावरील टायरांच्या रबराचा कचरा टर्बोचार्जरच्या हवा घेण्याच्या तोंडांत जाऊन तें तुंबलें होतें. घरीं मोटार बांधणारास या एका गाडींत दोन धडे मिळतात: उंची कमी कशी करावी हा एक, आणि हवेचें तोंड कोठें ठेवूं नये हा दुसरा.

इंग्लंडांतील बांधणारे बहुधा फोक्सवागनचें १.९ लिटरचें ‘टी-डी-आय’ एंजिन निवडतात, कारण तें मोडक्या मोटारींतून स्वस्तांत मिळतें. १९९१ साली आलेल्या त्याच्या पहिल्या प्रकाराची शक्ति ४,००० फेऱ्यांस ९० अश्वशक्ति, आणि फिरविण्याचा जोर, ज्याला यंत्रज्ञ टॉर्क म्हणतात तो, १,९०० फेऱ्यांस २०२ न्यूटन-मीटर. नव्वद अश्वशक्ति हा आंकडा मोठा नाहीं. पण एवढा जोर इतक्या कमी फेऱ्यांत मिळणें हें विशेष आहे. शक्ति म्हणजे जोर आणि फेरे यांचा गुणाकार. १,९०० फेऱ्यांसच या एंजिनाकडून ४० किलोवॅट शक्ति निघते, म्हणजे त्याच्या कमाल शक्तीच्या सहा-दशांश. चालकानें गिअर न बदलतां नुसता पाय दाबला तरी अर्ध्या टनाची गाडी पुढें झेपावते. ही मौज या हौशी लोकांना हवी असते.

मात्र येथेंच पहिली चूक होते. जुन्या फोर्डचा मागचा आंस तसाच ठेवला, तर त्याचें प्रमाण पुष्कळदां ३.९२ असतें, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यास एंजिनाकडील दांड्याचे ३.९२ फेरे. चाकाचा परीघ सुमारें १.७३ मीटर धरला, तर सरळ गिअरमध्यें ४,००० फेऱ्यांस गाडीचा वेग ताशीं १०६ किलोमीटर भरतो. पेट्रोलचें एंजिन याच प्रमाणावर ६,५०० फेरे घेऊन १७२ किलोमीटर गांठील. डीझेल मात्र मोठ्या रस्त्यावर कायम आपल्या मर्यादेपाशीं घरघरत राहील. त्याऐवजीं ३.१४ प्रमाणाचा आंस घातला, तर त्याच ४,००० फेऱ्यांस वेग १३२ किलोमीटर होतो, आणि पांचवा गिअर असल्यास त्याहून अधिक. ज्यानें आधीं हा हिशेब मांडला नाहीं त्याची गाडी वेगवान होण्याऐवजीं ट्रॅक्टरासारखी वागते, आणि दोष बिचाऱ्या एंजिनास लागतो.

दुसरा प्रश्न वजनाचा. चालकासह ६०० किलो वजनाची मोटार घ्यावी. पुढील व मागील चाकांवर तीनशें-तीनशें किलो भार आहे व दोन्ही आंसांत सव्वादोन मीटर अंतर आहे असें धरावें. डीझेलमुळें ४५ किलो वाढले आणि तें वजन पुढील आंसाच्या ३० सेंटिमीटर मागें आलें, तर त्यांतील ३९ किलो पुढच्या चाकांवर आणि अवघे ६ किलो मागच्यांवर पडतात. पुढचा वांटा शेंकडा ५० वरून साडेबावन्नावर जातो. ऐकावयास हें थोडें वाटतें, पण वळणावर नाक बाहेर ओढूं लागतें. उपाय हा कीं एंजिन शक्य तितकें चालकाच्या पायांकडे सरकविणें. दीडशें किलोंचें एंजिन दहा सेंटिमीटर मागें गेलें, कीं सुमारें पावणेसात किलो भार मागच्या चाकांवर जातो.

तिसरा प्रश्न उंचीचा. या मोटारीचें बॉनेट गुडघ्याहून फारसें उंच नसतें. उंच डीझेल त्याखालीं बसविण्यासाठीं तळाची तेलटाकी कापून उथळ करावी लागते. पण तेल शोषणाऱ्या नळीचें तोंड त्याबरोबर वर घेतलें नाहीं, किंवा टाकींत आडव्या पट्ट्या घातल्या नाहींत, तर वळणावर तेल एका बाजूस धांवतें आणि नळी हवा ओढूं लागते. बेअरिंगें जळण्यास मग फार वेळ लागत नाहीं. म्हणून अनुभवी बांधणारा बॉनेटला फुगवटा आला तरी चालेल, पण तेल कमी पडूं देत नाहीं.

एंजिन एका कारखान्याचें आणि गिअरपेटी दुसऱ्याची, तेव्हां मध्यें जाड ॲल्युमिनियमची जोडपाटी लागते. तिचीं भोकें जुळलीं म्हणजे काम झालें असें नाहीं. एंजिनाचा दांडा आणि गिअरपेटीचा दांडा हे अचूक एका रेषेंत आले पाहिजेत. केंसाएवढा फरक राहिला तरी क्लच थरथरतो आणि पुढचें बेअरिंग घासून जातें. शिवाय जुनी गिअरपेटी कमी जोरासाठीं घडविलेली असते. डीझेलचे धक्के अधिक दणकट असतात. खालच्या गिअरमध्यें एकदम पाय दाबणाराच्या पदरीं तुटलेले दांते येतात.

याहून गंभीर गोष्टी जिवाशीं संबंध असणाऱ्या आहेत. टर्बोचार्जर तापून लाल होऊं शकतो. त्याच्याजवळून ब्रेकची किंवा तेलाची नळी नेणें म्हणजे आगीस आमंत्रण. डीझेलमध्यें पेट्रोलप्रमाणें हवा अडविणारी झडप नसल्यामुळें, ब्रेकला साह्य करणारी निर्वात पोकळी आपोआप मिळत नाहीं. साह्यकारी ब्रेक ठेवले तर त्यांसाठीं निराळा निर्वात पंप जोडावाच लागतो. आणि सर्वांत भयंकर प्रकार म्हणजे एंजिन बेफाम सुटणें. झिजलेल्या टर्बोचार्जरमधून एंजिनाचेंच तेल हवेच्या वाटेनें सिलिंडरांत जाऊं लागलें, तर तेंच इंधन होतें. मग किल्ली काढून घेतली तरी एंजिन थांबत नाहीं. फेरे वाढत जातात आणि अखेर यंत्र फुटतें. गाडीवर असतांना वरचा गिअर टाकून, ब्रेक दाबून, क्लच सोडून तें गुदमरविणें, किंवा हवेचें तोंड घट्ट बंद करणें, हे उपाय. एंजिन प्रथम सुट्या चौकटीवर चालवितांना गिअरही हाताशीं नसतो. म्हणून त्या वेळीं हवेच्या तोंडावर मारण्यास एक जाड फळी जवळ ठेवावी. हात कधींही लावूं नये. ज्या टर्बोचार्जरचा आंस बोटांनीं हालवितांना खडखडतो, तो आधीं बदलावा. तेथें वाचविलेले पैसे पुढें दसपटीनें जातात.

विजेची जोडणी हाही एक अडसर आहे. १९९५ च्या सुमारापासून अनेक मोटारींत चोरीस आळा घालणारी यंत्रणा असते. मूळ गाडीची किल्ली व तिची ओळख पटविणारा भाग नसेल, तर एंजिन क्षणभर चालून बंद पडतें, आणि महिनाभर त्याच्या नळ्या तपासणारा मालक खऱ्या कारणापर्यंत पोंचत नाहीं. मोडींतून एंजिन घेतांना त्याच्या तारा, नियंत्रक आणि किल्ली एकाच गाडीच्या घ्याव्यात, हा सर्वांत स्वस्त उपाय.

एवढें झाल्यावरही गाडी रस्त्यावर आणतां येत नाहीं. ब्रिटनमध्यें अशा प्रत्येक मोटारीस सरकारी तपासणींतून जावें लागतें. ब्रेक, दिवे, सुकाणूं, आवाज, धूर, इतकेंच नव्हे तर माणसास लागेल अशी तीक्ष्ण कडा, हें सर्व पाहिलें जातें. आणि तपासणी उतरली तरी हवेच्या शुद्धतेचे नियम आहेत. लंडन शहरांत ऑगस्ट २०२३ पासून सर्व विभागांत जुन्या डीझेल गाडीस रोजचा आकार द्यावा लागतो. बारीक काजळी आणि नायट्रोजनचीं ऑक्साइडें यांनीं फुप्फुसांस होणारा अपाय पाहतां हा नियम अन्यायाचा म्हणतां येत नाहीं. पण तेलांत वांचविलेले पैसे त्यांतच जाऊं शकतात. भारतांत तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम निर्मात्यानें नोंदविलेल्या तपशिलाशीं विसंगत असा बदल गाडींत करूं देत नाहीं. तेव्हां येथील हौशी वाचकानें इंग्रजी पुस्तक वाचून लगेच नळ्या कापावयास घेऊं नयेत.

मग या खटाटोपाचें फळ काय? ज्याला केवळ वेगाचा आंकडा हवा त्यानें हलकें पेट्रोल एंजिन घ्यावें; तें स्वस्त, सोपें आणि अधिक चपळ. परंतु ज्याला थोड्या तेलांत लांबचा प्रवास करावयाचा आहे, आणि ज्यानें आंसाचें प्रमाण, वजन, तेल व उष्णता यांचा हिशेब कागदावर आधीं मांडला आहे, त्याची डीझेल मोटार हास्यास्पद ठरत नाहीं. हा हिशेब पुरा होईपर्यंत त्यानें सांगाड्यावर एकही सांधा मारूं नये. कारण कागदावरची चूक रबरानें पुसतां येते. सांधलेल्या लोखंडांतील चूक पुन्हां कापावी लागते, आणि वळणावर उघडकीस आलेली चूक कधीं कधीं दुरुस्तच होत नाहीं.