हवापालट आणि गावची जमीन

एकेकाळी पुणे हे पेन्शनरांचे शहर म्हणून ओळखले जाई. मुंबईत चाकरी संपविलेला कारकून किंवा जिल्ह्याजिल्ह्यांत बदल्या भोगलेला मामलेदार उतारवयात येथे येऊन स्थिरावे, तो येथील कोरड्या हवेसाठी आणि शांततेसाठी. आज काळाने चक्र उलटे फिरविले आहे. त्याच पुण्यातील सेवानिवृत्त शिक्षक आणि बँक कर्मचारी पुणे सोडण्याची भाषा बोलू लागले आहेत. धूर आणि गर्दी नकोशी झाली आहे. डिसेंबरच्या थंडीत सांधे धरतात. उरलेली वर्षे उबदार हवेत, मोकळ्यावर, झाडामाडांच्या सोबतीने घालवावीत असे वाटते. ही इच्छा स्वाभाविक आहे आणि तिची थट्टा करण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो जागा निवडण्याच्या रीतीचा.

ही निवड बहुधा दिवाळीनंतर होते. त्या दिवसांत मुळशी-मावळचे डोंगर हिरवे असतात, दापोली-गुहागरची हवा सुखद असते आणि विहिरी भरलेल्या असतात. दलाल जमीन दाखवितो तीही याच दिवसांत. परंतु कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही कित्येक वाड्यांना मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते. जांभा दगड सच्छिद्र असतो. पाणी मुरते आणि उताराने समुद्राकडे निघून जाते. जुलैची गोष्ट निराळीच. डोंगरउतारावरून दिसणारा देखावा मनोहर असतो, पण ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातीलच माळीण गाव अशा उताराखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-श्रीवर्धन पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. पोफळीची नवी बाग फळावर यायला सहा-सात वर्षे लागतात. साठी उलटलेल्या माणसाने हा हिशेब आधीच मांडलेला बरा.

दुसरी अडचण कायद्याची. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीस परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर तर याहून कडक निर्बंध आहेत. कोकणात एकेका सातबाऱ्यावर दहा-वीस सहहिस्सेदारांची नावे असतात आणि त्यांतील निम्मे मुंबईत असतात. या अडचणींवर तोडगा म्हणून कोठून तरी शेतकरी असल्याचा दाखला मिळविण्याचे मार्ग सुचविले जातात. आयुष्यभर सचोटीने नोकरी केलेला माणूस उतारवयात या खटपटीत पडतो, हे त्याला शोभत नाही आणि परवडणारेही नसते. जमीन कसणाऱ्याच्या हाती राहावी, हा त्या कायद्यामागील हेतू होता. तो हेतूच आपल्या मार्गातील अडथळा वाटू लागला, तर खरेदीदाराने क्षणभर थांबणे इष्ट.

कारण येथेच या विषयाचे खरे अर्थकारण आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर गावाची पाहणी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. १७७१ मध्ये सरासरी चाळीस एकर असलेले खातेदाराचे क्षेत्र १९१५ पर्यंत सात एकरांवर आल्याचे तीत दिसून आले. तेथे जमीन वाटण्यांमुळे आक्रसली होती. तेच गाव आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत असून तेथे उंच इमारती उभ्या आहेत. शहराजवळच्या आजच्या खेड्यांत वाटण्यांच्या जोडीला बाजारभाव आला आहे. जमिनीचा भाव तिच्यात पिकणाऱ्या भातावरून ठरेनासा झाला. तो शहरी माणसाच्या शिलकीवरून ठरू लागला. भात पिकवून त्या भावाची जमीन घेणे कोणाही शेतकऱ्याला शक्य नाही. म्हणजे गावातील तरुणाला आपल्याच शिवारात चार गुंठे वाढविता येत नाहीत. विकलेल्या जमिनीचे पैसे घरबांधणीत आणि लग्नात संपतात आणि पूर्वीचा मालक त्याच जमिनीवर कुंपणाचा राखणदार म्हणून उभा राहतो. नव्या मालकाचा बंगला मात्र वर्षातील दहा महिने बंद असतो.

मग शहरातील माणसाने गावी जाऊच नये काय? अवश्य जावे, परंतु विकत घेण्यापूर्वी राहून पाहावे. गावठाणातील एखादे घर वर्षभर भाड्याने घ्यावे आणि मे व जुलै हे दोन महिने तेथेच काढावेत. विहिरीला पाणी किती उरते, रात्री ताप चढला तर डॉक्टर किती अंतरावर आहे, शेवटची एसटी केव्हा सुटते, हे तेथे राहिल्यावाचून कळत नाही. वर्षानंतरही मन रमले, तर गावठाणातील जुने घर घ्यावे. गावठाणाची जमीन शेतजमीन नसल्यामुळे तेथे शेतकरी असण्याची अट आड येत नाही, शेतही मोडत नाही आणि शेजार लाभतो. म्हातारपणी देखाव्यापेक्षा शेजाराची गरज अधिक असते.

कोकणातील मुरूडचे धोंडो केशव कर्वे प्रथम मुंबईत आणि १८९१ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत. गाव सुटले, तरी गावच्या कामांसाठी त्यांनी ‘मुरूड फंड’ उभा केला. गाव सोडून शहरात गेलेल्याने ही जाणीव ठेवली. शहर सोडून गावात जाणाऱ्याकडून निराळी अपेक्षा का असावी? निवृत्त शिक्षकाला गावच्या शाळेत गणिताचा तास घेता येतो. निवृत्त कारकुनाला सहकारी सोसायटीचे दप्तर लावून देता येते, एखाद्या विधवेचा रखडलेला फेरफार मार्गी लावता येतो. गावाकडून आपल्याला काय मिळेल, एवढाच विचार करून जागा निवडली, तर चार पावसाळ्यांत ती विकायला निघते. ज्या गावाला आपला काही उपयोग आहे, तेथली हवा सहसा मानवते.