अनाशी ढाकाचा सण आणि हिंगाची डबी



पुरीम झाला की तिसाव्या दिवशी पेसाह. या तीस दिवसांत आपल्या घरांत रोज काही ना काही चाललेले असते. पुरणपोळ्यांच्या निमित्ताने कणकेचा डबा तळाला जातो, गाद्या बाल्कनीत उन्हात पडतात, फ्रीज भिंतीपासून ओढला जातो. आणि टेलिफोनवर एकच प्रश्न ऐकू येतो, "पेसाहला काय चालते आणि काय चालत नाही?" मुले विचारतात, सुना-जावई विचारतात, दुसऱ्या एदामधले व्याही-विहीणही विचारतात. उत्तर द्यायचे ते घरातल्या वडील माणसांनी, म्हणजे आता आपणच. म्हणून सणांची जुनी नावे, हामेत्सचा नियम आणि आपला मसाल्याचा डबा या तिन्ही गोष्टी आम्ही येथे एकत्र मांडत आहोत.

सणांची मराठी नावे

कोकणात आपल्या पूर्वजांनी सणांना मराठी नावे दिली होती. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ साली लिहिलेल्या आणि १९३७ साली तेल अवीवमध्ये छापल्या गेलेल्या बेने इस्रायलांच्या इतिहासात ती नोंदलेली आहेत. रोश हाशाना म्हणजे नव्याचा सण. योम किप्पूरचा दुसरा दिवस म्हणजे शिळा सण. तिशा बेआव म्हणजे बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी घरोघर वालाचे बिरडे. पुरीम म्हणजे होळीचा सण. आणि पेसाह म्हणजे अनाशी ढाकाचा सण.

या नावांकडे नीट पाहिले तर त्यांतली बरीच स्वयंपाकघरातली आहेत. ज्यांच्याजवळ पंचांग नव्हते, पुस्तक नव्हते, त्यांनी भांड्यांवरून आणि जेवणावरून सण लक्षात ठेवले. नाव उच्चारले की त्या दिवशी काय करायचे ते समजत असे.

पुरीमला होळीचा सण का म्हणतात?

आपला पुरीम अदार महिन्याच्या १४ तारखेला येतो आणि होळी फाल्गुनी पौर्णिमेला. दोन्ही पंचांगे चंद्रावर चालतात, म्हणून दोन्ही सण पौर्णिमेच्या आसपासच पडतात. २०२४ साली होळी २४ मार्चला होती आणि पुरीमही त्याच तारखेला. २०२५ साली १४ मार्चला पुरीम आणि धुळवड दोन्ही आली.

पण दर वर्षी असे होत नाही. चंद्राचे बारा महिने सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असतात. तूट भरून काढायला हिंदू पंचांगात अधिक महिना येतो आणि आपल्या पंचांगात १९ वर्षांतून ७ वेळा अदार महिना दोनदा येतो. दोघांची भर एकाच वर्षी पडली नाही तर सण महिन्याने लांब जातात. २०२१ साली पुरीम २६ फेब्रुवारीला होऊन गेला आणि होळी २८ मार्चला पेटली.

आपल्याकडे दोन अदार धरण्यामागे एक कारण आहे. पेसाह हा 'आवीव'मध्ये, म्हणजे वसंतात पाळावा अशी तोरातली आज्ञा आहे. अदार वाढवला नाही तर पेसाह हळूहळू हिवाळ्यात सरकेल. अलिबाग-पेणकडे आंब्याचा मोहोर गळून कैऱ्या धरू लागल्या की आपल्या आज्यांना सण जवळ आल्याचे कळत असे. येथे नेगेवमधली लाल कलानियोत सुकू लागली आणि संत्र्याच्या बागांना फुलांचा वास सुटला की आपल्याला कळते.

अनस म्हणजे काय?

अनस हे मातीचे भांडे. त्यात जेवणाला लावून घ्यायचे आंबट पाणी भरून ठेवलेले असे. पेसाहच्या दिवसांत त्यावर झाकण घालून ते बाजूला ठेवायचे, म्हणून हा अनाशी ढाकाचा सण. ढाकणे म्हणजे झाकणे.

आज हे नाव ऐकून आपली नातवंडे हसतात. मित्सराईममधून सुटका, दहा मक्कोत, दुभंगलेला समुद्र, एवढी मोठी हकीकत, आणि आपण सणाला नाव दिले एका मडक्याचे! परंतु या नावात पेसाहचा मुख्य नियम आलेला आहे.

हिब्रूत आंबलेल्या पिठाला हामेत्स म्हणतात. व्हिनेगरला म्हणतात होमेत्स. आणि आंबट म्हणजे हामुत्स. तिन्ही शब्द एका मुळाचे. आता मराठीकडे पाहा. आंबणे आणि आंबट हेही एकाच मुळाचे शब्द. पीठ आंबते आणि चव आंबट होते, हे नाते दोन्ही भाषांनी ओळखलेले आहे. मिश्नामध्ये पेसाहला घरातून दूर करायच्या वस्तूंची यादी आहे. तिच्या आरंभीच बाबेलचा कुताह येतो. ही जेवणाशी बुडवून खायची एक आंबट चटणी, तिच्यात धान्याचा अंश असे. त्याच यादीत अदोमचा व्हिनेगरही आहे. ज्या बाईने मिश्ना कधी पाहिला नव्हता, ती आपल्या ओटीवरचे आंबट पाण्याचे मडके झाकत होती.

प्रत्येक आंबट वस्तू हामेत्स नसते

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण पुष्कळांचा घोटाळा होतो. हामेत्स फक्त पाच धान्यांपासून होतो : गहू, जव, राय, ओट आणि कुस्मीन, म्हणजे गव्हाचीच एक जुनी जात. यांच्यापैकी एखाद्याच्या पिठाला पाणी लागले आणि ते भाजण्यापूर्वी १८ मिनिटे तसेच पडून राहिले तर ते हामेत्स धरतात. मत्सा एवढ्या घाईने भाजतात ती यासाठी.

म्हणजे आमसूल, चिंच, लिंबू, कैरी यांचा आंबटपणा हामेत्स नव्हे. तांदूळ भिजवून आंबवला तरी तो हामेत्स होत नाही. बार्लीच्या माल्टपासून केलेला व्हिनेगर मात्र हामेत्स आहे.

आजची अनस

मातीची अनस आता कोणाच्याच घरी नाही. पण ती गेली असे समजू नये. ती आपल्या मसाल्याच्या डब्यात बसली आहे.

हिंग घ्या. हिंग हा एका झाडाच्या मुळाचा चीक. मिश्नामध्येही तो हिल्तीत या नावाने येतो. मूळ हिंग फार उग्र असतो. म्हणून व्यापारी त्यात डिंक आणि पीठ मिसळतात. यालाच बांधानी हिंग म्हणतात. पीठ कधी तांदळाचे असते, पण बहुतेक वेळा गव्हाचे किंवा मैद्याचे. वरणाला आणि बटाट्याच्या भाजीला आपण फोडणीत चिमूटभर टाकतो, त्या चिमटीत गहू असतो. डबीवर बारीक अक्षरांत लिहिलेले असते, पण आपल्या वयाला ते चष्मा लावूनही वाचता येत नाही. नातवाकडून वाचून घ्यावे.

हिंगाबरोबर आणखी काही डबे तपासावेत. मेतकुटात गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीतही गहू असतो. रवा आणि शेवया तर उघडच गव्हाच्या. गोड्या मसाल्यात आणि पापडात हिंग असतो. तांदळाचे पीठ गिरणीतून दळून आणले असेल आणि आधी तेथे गहू दळला असेल, तर जात्यात राहिलेला गहू आपल्या पिठात आलाच. भारतातून पाहुण्यांनी आणलेल्या पुड्यांवर पेसाहचा हेख्शेर नसतो, हेही लक्षात ठेवावे.

हे सगळे फेकून देण्याची गरज नाही. एका कपाटात ठेवून ते कपाट चिकटपट्टीने बंद करावे आणि बेथ क्नेसेतमधल्या रब्बींमार्फत हामेत्सची विक्री करताना तेही त्यात धरावे. सण संपला की डबे पुन्हा आपले. सुपरमार्केटमध्येही या आठवड्यात फळ्याच्या फळ्या पांढऱ्या कागदाने झाकलेल्या दिसतात. दुकानात ते दृश्य पाहिले की नातवंडांना सांगावे, "हाच अनाशी ढाकाचा सण." नाव लगेच ध्यानात राहील.

भांड्यांचेही तसेच. पूर्वी पेसाहपूर्वी घराला चुना लागे आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई होई. आता गावोगाव उकळत्या पाण्याची मोठी पातेली मांडून हगाला करून देतात. जड भांडी स्वतः उचलून नेऊ नयेत. तरुण मुलांना हाक मारावी.

भात आणि व्याही

आपल्या घरांत पेसाहला भात शिजतो. तांदूळ, डाळी, वाल, मूग यांना कितनियोत म्हणतात. ते हामेत्स नव्हेत. पण युरोपातल्या अश्कनाझी समाजाने मध्ययुगात ते वर्ज्य केले. कारणे अशी दिली जातात की, या धान्यांत गव्हाचे दाणे मिसळलेले सापडत, आणि त्यांचेही पीठ होत असल्यामुळे लोकांचा गोंधळ होई. पूर्वेकडच्या पुष्कळ समाजांनी ही बंदी घेतली नाही. ते तांदूळ तीन वेळा निवडून घेतात आणि खातात. तांदूळ निवडणे हे आपल्या बायकांना कोणी शिकवायला नको. ताटात पसरून, बोटाने सरकवत, दाणा दाणा पाहात त्या बसत. आता ते काम थरथरत्या हाताला जड जाते. तेव्हा नातीला शेजारी बसवावे. तिचे डोळे आणि आपले सांगणे, दोन्ही कामाला येते.

अडचण येते ती पाहुण्यांची. आज आपल्या मुलामुलींची लग्ने सगळ्या एदांत होतात. सेदेरला येणारी अश्कनाझी विहीण भात खात नाही, आणि आपल्याला वाटते तिने आपल्या पानाला नावे ठेवली. तसे नसते. ती तिच्या आजीची रीत पाळते, आपण आपल्या आजीची पाळतो. तिच्यासाठी नारळाच्या दुधातले मासे, बटाट्याची भाजी, अंडी, मटण असे पुष्कळ काही करता येते. मोहरीसारख्या काही बियाही कितनियोतमध्ये धरतात, म्हणून फोडणीत काय घालणार ते तिला आधी विचारावे. विकतच्या पुड्यांवरचा शिक्काही पाहावा. 'कशेर लेपेसाह' यापुढे 'लेओखलेई कितनियोत' असे लिहिले असेल, तर ती वस्तू फक्त कितनियोत खाणाऱ्यांसाठी आहे. आपल्याला ती चालेल, तिला नाही.

आणि उलटही व्हावे. नात त्यांच्या घरी सेदेरला गेली आणि तेथे भात नसला, तर आपण रागावू नये. मात्र "भात म्हणजे हामेत्स" असे कोणी तिला सांगितले, तर ते बरोबर नाही हे तिला समजावून द्यावे. आपल्या पूर्वजांनी नियम मोडला असे तिला आयुष्यभर वाटत राहू नये.

दात आणि मत्सा

आपल्या वयाच्या मंडळींसाठी एक व्यवहाराची गोष्ट. मत्सा चावत नसेल तर वृद्ध आणि आजारी माणसाने ती पाण्यात भिजवून खाल्ली तरी मित्सवा पुरी होते. सेदेरचे चार पेले द्राक्षाच्या रसाचेही चालतात. हारोसेतसाठी आपण खजुराचा पाक करतो, तो मधुमेह असणाऱ्यांनी बोटभरच घ्यावा. आणि सणासाठी म्हणून औषधाची गोळी मनाने बंद करू नये. शंका असेल तर डॉक्टर आणि रब्बी, दोघांनाही विचारावे.

प्रश्न कोणी विचारायचा, उत्तर कोणी द्यायचे?

सेदेरच्या रात्री सर्वांत धाकटे मूल 'मा निश्तना' विचारते. उत्तर म्हणून हग्गादा वाचली जाते. आपल्या समाजाची पहिली मराठी हग्गादा १८४६ साली मुंबईत छापली गेली. १८७४ साली पुण्यात छापलेल्या हग्गादात तर भारतीय वेषातल्या बायका मत्सा करताना दाखवल्या आहेत. ज्या काळी हिब्रू वाचता येणारे थोडे होते, त्या काळी मुलांना उत्तर त्यांच्या भाषेत मिळावे म्हणून ही खटपट झाली.

आज चाक उलटे फिरले आहे. नातवंडांना हिब्रू येते आणि मराठी येत नाही. आपल्यापैकी कित्येकांची हिब्रू बाजारहाटापुरतीच. त्यामुळे हग्गादा ती भराभर वाचतात आणि आपण मान डोलवत बसतो. पण हिंगात गहू असतो हे त्यांच्या हग्गादात लिहिलेले नाही. अनस म्हणजे काय, हेही नाही. ते आपल्यालाच ठाऊक आहे. आपल्यानंतर सांगायला कोणी उरणार नाही.

म्हणून आमची विनंती अशी की, या तीस दिवसांत एक साधे काम करावे. मसाल्याचा डबा टेबलावर घ्यावा, एका नातवंडाला जवळ बसवावे आणि प्रत्येक वाटीतल्या वस्तूचे मराठी नाव सांगावे. त्याने ते हिब्रू अक्षरांत लिहावे आणि पुढे पेसाहला चालते की नाही त्याची खूण करावी. कागद कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवावा. वर शीर्षक घालावे, 'अनाशी ढाकाचा सण'. पुढच्या वर्षी टेलिफोन करून विचारावे लागणार नाही.

सर्व वाचकांना पेसाह कशेर वेसामेआह.