‘नीट बघून लिही’ एवढं सांगून चुका थांबत नाहीत. एडीएचडी असलेल्या मुलांना लागते तपासण्याची पद्धत

‘पोरगं हुशार आहे, पण धांदरट फार,’ हे वाक्य पालक सभेत हमखास ऐकू येतं. तोंडी विचारलं तर उत्तर बरोबर. पेपरात मात्र अधिकच्या जागी वजा, ६८ चे ८६, हातचा विसरलेला, आणि पान उलटायचं राहिल्यामुळे मागचा प्रश्न कोरा. दहावी जवळ आली की याच गुणांवरून घरात वाद होतात.

प्रत्येक धांदरट मुलाला एडीएचडी असतो असं नाही. एडीएचडी ही मेंदूच्या वाढीशी संबंधित अवस्था असून तीत लक्ष टिकवणं किंवा स्वतःला आवरणं अवघड जातं. निष्काळजी वाटणाऱ्या चुका हे तिचं एक लक्षण आहे. मात्र निदानासाठी अशी अनेक लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात.

अशा मुलाला नियम येत असतो, पण गणित सोडवता सोडवता लक्ष सुटतं. म्हणून मार देऊन किंवा तेच दहा वेळा लिहायला लावून उपयोग होत नाही. दमलेलं मूल आणखी चुकतं आणि ‘मी ढच आहे’ असं धरून बसतं.

पालकांनी मुलासोबत बसून मागच्या तीन-चार उत्तरपत्रिका काढाव्यात. येत असून गेलेले गुण वेगळे मोजावेत. बहुधा दोन-तीन प्रकारच्या चुकाच पुन्हा पुन्हा सापडतात. त्यांची यादी मुलाने स्वतःच्या हाताने करावी.

पुढे ‘सगळं तपास’ असं म्हणू नये. एका फेरीत एकच चूक शोधायची. पहिल्या फेरीत फक्त चिन्हं, दुसरीत प्रश्नातले आकडे जसेच्या तसे उतरलेत का, तिसरीत एकक लिहिलं का. उत्तर लिहून झाल्यावर पाच मिनिटं थांबून तपासलं, तर चूक लवकर दिसते.

काही साध्या सवयीही कामी येतात. गणित सोडवण्याआधी चिन्हाला गोल करावा. ‘कोणतेही दोन’, ‘कारणे द्या’ अशा शब्दांखाली रेघ मारावी. उभ्या मांडणीसाठी चौकटीची वही वापरावी. खालचा मजकूर कोऱ्या कागदाने झाकावा. अभ्यास १५-२० मिनिटांच्या तुकड्यांत करावा. यादी परीक्षेला नेता येत नाही, म्हणून घरच्या सरावातच तिचा क्रम पाठ व्हायला हवा. पेपरातली शेवटची दहा मिनिटं त्यासाठी राखून ठेवावीत.

शिक्षकांनी मुलाला पुढच्या बाकावर बसवावं आणि वही गोळा करण्याआधी ‘चिन्हं बघितलीस का?’ एवढंच हळूच विचारावं.

तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जाता येतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा त्यांनाही सांगावं; १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या या तपासणीत एडीएचडीचा समावेश आहे. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यातील २१ प्रकारांत एडीएचडी स्वतंत्रपणे नाही, अध्ययन अक्षमता मात्र आहे. बऱ्याच मुलांत या दोन्ही गोष्टी एकत्र असतात. त्यामुळे डॉक्टरांना दोन्हींची तपासणी करायला सांगावं, आणि तेही दहावीचं वर्ष उजाडण्याआधी.