चार बीकरमध्ये घडणारा नॅनोथर

पहिल्या बीकरमध्ये कॅडमियमच्या क्षाराचे द्रावण, दुसऱ्यात शुद्ध पाणी, तिसऱ्यात सोडियम सल्फाइड, चौथ्यात पुन्हा शुद्ध पाणी. टायटॅनियम ऑक्साइडचा पांढरा, सच्छिद्र लेप दिलेली काचपट्टी या चारही बीकरमध्ये क्रमाने काही सेकंद बुडवायची, की एक फेरी होते. सुरुवातीच्या फेऱ्यांत लेपावर फिकट पिवळी झाक येते, पुढे ती गडद होत नारिंगीकडे झुकते.

या पद्धतीला ‘सिलार’ म्हणतात. निकोलाऊ यांनी ती १९८५ मध्ये मांडली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती अनेक पदार्थांसाठी वापरली. पठाण आणि लोखंडे यांचा २००४ चा आढावा-लेख या विषयाच्या अभ्यासकांना चांगलाच परिचित आहे.

या पद्धतीची सारी मदार धुण्यावर आहे. कॅडमियमचे आयन पृष्ठभागाला चिकटतात आणि सैल राहिलेले पाण्यात निघून जातात. त्यामुळे सल्फाइडची गाठ फक्त चिकटलेल्या आयनांशी पडते आणि कॅडमियम सल्फाइड जागच्या जागी तयार होते. धुणे टाळले, तर द्रावणातच पिवळा साका बसतो आणि थर भुसभुशीत होतो.

टायटॅनियम ऑक्साइड जवळजवळ फक्त अतिनील किरण शोषते. कॅडमियम सल्फाइड दृश्य प्रकाशातला जांभळा-निळा भाग टिपते आणि सुटलेले इलेक्ट्रॉन टायटॅनियम ऑक्साइडकडे सोपवते. कॅडमियम सल्फाइडचे कण काही नॅनोमीटरचे असताना कणाचा आकार वाढेल तशी शोषणाची सीमा हिरव्याकडे सरकते. म्हणजे कोणता प्रकाश पकडायचा, हे फेऱ्यांच्या संख्येवर ठरवता येते. मात्र फेऱ्या अती झाल्या, तर लेपाची छिद्रे बुजतात आणि अशा लेपाच्या सौर घटातून मिळणारी वीज घटते. याच रीतीने मँगनीज ऑक्साइडचे थर चढवून वीज साठवणाऱ्या सुपरकपॅसिटरचे इलेक्ट्रोडही बनवतात.

बाजारातल्या सिलिकॉन पॅनेलच्या कार्यक्षमतेपासून कॅडमियम सल्फाइडचे हे सौर घट अजून बरेच दूर आहेत. शिवाय कॅडमियम विषारी आहे. धुतलेले पाणी मोरीत ओतून चालत नाही, त्यावर प्रक्रिया करावीच लागते.

तरीही या पद्धतीला ना निर्वात पंप लागतो, ना भट्टी. तालुक्याच्या महाविद्यालयातही, पुरेशी काळजी घेतली तर, असा थर चढवता येतो. अडते ते पुढे. थर किती जाड झाला, त्याचे स्फटिक कसे आहेत, हे पाहायला क्ष-किरण विवर्तन यंत्र आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हवा. विद्यापीठांनी ही उपकरणे अशा महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना परवडणाऱ्या दरात, ठरलेल्या वेळी खुली केली पाहिजेत. थर चढवण्याइतकेच तो नीट मोजणेही महत्त्वाचे आहे, आणि ती संधी मोजक्या शहरांपुरती राहू नये.