प्रशांत दामले : तिसरी घंटा, 12,500 वेळा

ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. आजचा माणूस : प्रशांत दामले.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना ते आधी भेटले टीव्हीवर. झी मराठीवर 'आम्ही सारे खवय्ये' लागायचं, आई वही घेऊन बसायची आणि दामले कुणाच्या तरी किचनमध्ये गप्पा मारत चव घेत असायचे. मला तर कितीतरी दिवस ते फक्त 'खवय्येवाले' म्हणूनच माहीत होते.

पण त्यांचं खरं घर रंगभूमी. बेस्टमध्ये नोकरी होती. 1983 च्या 'टुरटुर'पासून व्यावसायिक नाटकात जम बसू लागला, मग 'मोरूची मावशी' आलं. पगाराची नोकरी सोडून नाटकावर घर चालवायचं ठरवणं म्हणजे केवढी जोखीम, विचार करा! पुढे 'गेला माधव कुणीकडे', कविता लाड यांच्यासोबतचं 'एका लग्नाची गोष्ट'... बोर्डावर 'हाउसफुल्ल' लागत राहिलं.

6 नोव्हेंबर 2022 ला मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात त्यांचा 12,500 वा प्रयोग झाला. हिशोब करा : 39 वर्षं, म्हणजे वर्षाला सरासरी 320 प्रयोग!

आता प्रश्न येतो : तेच नाटक रोज करून कंटाळा येत नाही का? तर गंमत अशी की नाटक तेच असतं, प्रेक्षक तोच नसतो. विनोदी नाटकात हशा ऐकावा लागतो. पुढचं वाक्य घाईने टाकलं तर ते हशात बुडतं, उशीर केला तर प्रसंग थंड पडतो. हे गणित दर प्रयोगाला नव्याने सोडवायचं. मला वाटतं, सूत्रसंचालनात हाच कान कामाला आला. कॅमेऱ्यासमोर बावरलेल्या काकूंना कधी बोलू द्यायचं आणि कधी कोपरखळी मारायची, हे त्यांना कळायचं.

2020 मध्ये थिएटरं बंद पडली, तेव्हा प्रयोगावर पोट असलेल्या पडद्यामागच्या मंडळींचं काम थांबलं. दामलेंनी आपल्या नाटकांच्या अशा सहकाऱ्यांना आर्थिक मदत केली. 2023 मध्ये ते अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेचे अध्यक्ष झाले.

त्यांच्या क्लिप्स मोबाइलवर भरपूर आहेत, बघाच. पण तुमच्या हशासाठी नट थांबलाय, हा अनुभव फक्त नाट्यगृहात मिळतो. एकदा तिकीट काढा. आणि हो, तिसऱ्या घंटेआधी फोन सायलेंट करा!