मुठीतले धान्य

दसरा-दिवाळी झाली, की आमच्या बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात गाड्या येऊ लागतात. बहुधा रात्रीच येतात. सकाळी उठून पाहावे, तर वाडीतली दहा दारे बंद. एखाद्या ओट्यावर म्हातारी तेवढी बसलेली. बाकी माणसे ऊसतोडीला गेली. कोणी सांगली-साताऱ्याकडे, कोणी कोल्हापूरकडे, कोणी पार कर्नाटकात. ती आता चैत्राच्या सुमाराला परत यायची.

मी त्या दिवशी शाळेत हजेरी घ्यायचो. एक नाव पुकारले, उत्तर नाही. दुसरे पुकारले, उत्तर नाही. आम्ही मास्तर लोक याला 'गळती' म्हणतो. शब्द काही बरा नाही. गळते ते मडके. मूल आपण होऊन गळत नाही.

मूल का जाते, ते तुम्हाला मी सांगायला नको. घरात पैसा लागतो म्हणून मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडायला जावेच लागते. नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. नवरा ऊस तोडतो, बायको मोळी बांधते आणि डोक्यावर वाहून गाडीपाशी नेते. काम पहाटे अंधारात सुरू होते. मग कोपीवर तान्ह्याला कोण सांभाळणार? नऊ-दहा वर्षांची थोरली मुलगी. पाणी तीच भरते, चूल तीच पेटवते. मुलगा असला तर मोळ्या ओढू लागतो, वाढे गोळा करतो.

आता असे बघा. तुम्ही नुकतेच वाचायला शिकला आहात. जोडाक्षर आले की अजून थोडे अडखळता. तुम्ही सहा महिने पुस्तक हाती धरले नाही, तर काय होईल? त्या मुलाचेही तेच होते. चैत्रात ते परत येते, तेव्हा बरोबरीची मुले पुढे गेलेली असतात. त्याला लाज वाटते. दुसऱ्या वर्षी ते मागच्या ओळीत बसते आणि तिसऱ्या वर्षी येतच नाही.

आमच्याकडे एक मुलगी होती. तिसरीत होती तेव्हा पाढे घडाघडा म्हणायची. चौथीत असताना दिवाळीनंतर गेली. परत आली तेव्हा मी तिला धडा वाचायला सांगितला. ती पुस्तकाकडे नुसती बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "गुरुजी, मला येत होतं." ते शब्द माझ्या मनातून जाईनात.

अशा वेळी मला भाऊराव पाटलांची आठवण व्हायची. त्यांना लोक कर्मवीर म्हणत. त्यांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्याला मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. तिथे सगळ्या जातींची मुले एका पंगतीला जेवत. त्या काळी ही सोपी गोष्ट नव्हती. १९२७ साली गांधीजी तिथे येऊन गेले. मुलांच्या जेवणाची अडचण पडली, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले. मंगळसूत्रसुद्धा ठेवले नाही.

पण एका घरचे दागिने किती दिवस पुरणार? म्हणून मुष्टिफंड होता. मुष्टी म्हणजे मूठ. घरच्या बाईने दळणाला धान्य काढताना त्यातले मूठभर वेगळ्या मडक्यात टाकायचे. मडके भरले की ते मुलांसाठी द्यायचे. देणाऱ्याला जड जात नाही आणि घेणाऱ्याला भीक वाटत नाही.

हिशेब करून पाहा. एका मुठीत साधारण ५० ग्रॅम ज्वारी मावते. १०० घरांनी रोज एक मूठ काढली, तर ५ किलो होते. दुपारचे जेवण मुलांना शाळेत मिळतेच. राहिल्या सकाळ-संध्याकाळच्या भाकरी. त्याला एका मुलामागे पाव किलो धरले, तर २० मुले जेवतात.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आईबाप जातात तेवढे महिने मुलांची सोय गावातच करायची, आणि ती शाळेच्या व्यवस्थापन समितीने बघायची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत चारांत निदान तीन सभासद पालक असतात. निम्म्या बाया असाव्या लागतात. म्हणजे समिती तुमचीच आहे. मास्तर नुसता लिहिणारा.

आम्ही गावात हे सुरू केले, त्या वर्षी पैसे संक्रांत उलटल्यावर हाती आले. तोवर काय करायचे? मुलांना थांबा म्हणता येते, पोटाला नाही. मग मुष्टिफंडाची गोष्ट गावात सांगितली. काही जण हसले. पण शनिवारी मुले पिशवी घेऊन निघाली. ज्वारी आली, बाजरी आली, कोणी तुरीची डाळ दिली. दोन विधवा बायांनी स्वयंपाक अंगावर घेतला. खरी काळजी मुलींची होती. रात्री त्या कुठे निजणार, हे कळल्याशिवाय कोणती आई मुलगी मागे ठेवील? म्हणून असे ठरले, की जेवण एकत्र आणि झोप आपापल्या आजीजवळ. जिला आजी नाही, तिला शेजारच्या आजीने घेतले. रविवारी माझ्या फोनवरून सगळी मुले आईबापांशी बोलायची. बिले माझ्या निवृत्तिवेतनाला सोसली, एवढेच म्हणतो.

ती मुलगी त्या वर्षी राहिली. चैत्रात बाप परत आला, तेव्हा मुकादमाची हिशेबाची वही तिने त्याला वाचून दाखवली. बापाने तिला तीनदा वाचायला लावली.

ज्यांना मुले बरोबर न्यावीच लागतात, त्यांनीही एक करावे. जाण्याआधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्यावे आणि कारखान्याजवळच्या शाळेत दाखवावे. दाखला हाती नाही म्हणून त्या शाळेला मूल परत पाठवता येत नाही. कायदा तसे सांगतो.

आता आम्ही यादी नवरात्रापूर्वीच करतो. गाडी दारात उभी राहिल्यावर कोणी ऐकत नाही. यंदा यादीत १४ नावे आहेत. एका घरी अजून होकार मिळालेला नाही. मुलगी पाचवीत आहे, हुशार आहे. आई म्हणते, "गुरुजी, पोरगी ठेवते, पण धाकटा वर्षाचा आहे. त्याला फडात कोण बघंल?"

या प्रश्नाला आमच्यापाशी अजून उत्तर नाही. उद्या समितीतल्या दोन बाया पुन्हा त्या घरी जाणार आहेत.